डिझाइन शिकलेल्या मुलीला मराठवाड्यात काम कोण देणार?

नमस्कार भाऊ,

पत्र मिळालं. अंबड तालुक्यात मोसंबीची बाग, मुलगी अकरावीला कला शाखेत, चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा पास. तिला डिझाइन शिकायचंय, भावकी म्हणते नर्सिंगला घाला. आणि तुम्ही विचारता, एवढा पैसा घालून शिकली तरी आपल्या भागात तिला काम कोण देणार?

काम आहे, पण ‘डिझायनर पाहिजे’ अशी पाटी फारसं कुणी लावत नाही. पैठणचंच बघा. पैठणीच्या पदराची नक्षी आलेखाच्या कागदावरून धागे मोजून उतरवतात. अख्खी साडी व्हायला कित्येक आठवडे, कधी महिने जातात, म्हणून ती महाग. मग विणकरांना स्टोल, पर्स असं स्वस्तातलंही काही विकायचं असतं. पण पदरावरचा मोर तेवढ्याशा जागेत बसवायला गेलं की धागे कमी पडतात आणि मोराची मान पायऱ्यापायऱ्यांची दिसते. तो मोर नव्यानं काढावा लागतो. रंग किती ठेवायचे, त्यानं विणायचे किती तास वाचतील, गिऱ्हाईक किती मोजेल, हे सगळं धरून. हे डिझायनरचं काम, आणि नुसत्या छान चित्रानं ते होत नाही.

जीआय मानांकन, म्हणजे विशिष्ट भागातल्या मालाची कायदेशीर ओळख, पैठणीला आहे, तसं जालन्याच्या मोसंबीलाही आहे. तरी तुमचा माल क्रेटमधून बिननावाचाच जात असेल. त्याची पेटी, त्यावरचं नाव, वाहतुकीत फळ दबू नये अशी आतली रचना, हेही याच विषयात येतं.

हिमरूबद्दल, म्हणजे संभाजीनगरच्या त्या रेशीम-सुती नक्षीदार कापडाबद्दल, मुलीनं आवडीनं लिहिलंय, म्हणून स्पष्ट सांगतो: हातमागावर हिमरू विणणारे आता फार थोडे उरलेत. त्यावर एकट्यावर घर चालेल असं धरू नका. सुरुवातीची काही वर्षं पगार संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्रा औद्योगिक वसाहतींतल्या कंपन्यांतून किंवा पुण्यातल्या स्टुडिओतून येईल, हातमाग जोडीला. पुढे स्वतःचं काही करायचं ठरलं, तर छत्रपती संभाजीनगरात सीएमआयए या उद्योजक संघटनेनं उभं केलेलं ‘मॅजिक’ हे नवउद्योगांना मदत करणारं केंद्र आहे.

आता परीक्षा. आयआयटींच्या बी.डिझाइन या पदवीसाठी यूसीड ही प्रवेश परीक्षा असते, साधारण जानेवारीत. आयआयटी मुंबईला कला शाखेची मुलंही चालतात. एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था, तिची परीक्षा वेगळी, पूर्व आणि मुख्य अशा दोन टप्प्यांची. दोन्हींचे अर्ज बारावीच्या वर्षीच, दिवाळीच्या मागेपुढे भरायचे असतात. निकालाची वाट बघत बसलात तर वर्ष गेलं. लातूर पॅटर्नची सवय असलेले आपण लगेच क्लास शोधतो. इथं मात्र पाठांतराचा उपयोग थोडा, निरीक्षणाचा जास्त. या सुट्टीत तिला पैठणला न्या, मागाशेजारी बसू द्या. कुठला माल पडून राहतो ते विणकरांना विचारून वहीत चित्रांसह उतरवू द्या. आठवडाभरात कंटाळली, तर लाखो रुपये वाचले समजा.

एनआयडीची फी वर्षाला लाखांत जाते, शिष्यवृत्तीचे नियम आधी वाचा. ते झेपत नसेल तर संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयात बीएफए, म्हणजे ललित कलेची पदवी, करणं मला अजिबात कमीपणाचं वाटत नाही; त्याला राज्याची सीईटी लागते. जाहिरात बघून एखाद्या खासगी संस्थेत मात्र आगाऊ पैसे भरू नका. मागच्या दोन बॅचची मुलं कुठं लागली ते विचारा आणि त्यांतल्या दोघा-तिघांना तुम्ही स्वतः फोन करा.