साधा लॅपटॉप आहे आणि ताल कळत नाही: पीसीवरचे संगीताचे छोटे गेम जमतील का?

तुम्ही विचारलंय की घरी ग्राफिक्स कार्ड नसलेला साधा लॅपटॉप आहे, छोट्या स्वतंत्र डेव्हलपरांनी केलेले संगीताचे गेम खेळून बघायचेत, तर सुरुवात कुठून करावी? आणि त्याखाली एक ओळ आहे: "मला ताल कळत नाही, आरतीच्या टाळ्यासुद्धा चुकतात, मग पैसे घालावेत का?"

आधी त्या खालच्या ओळीबद्दल बोलतो. जरूर घाला. आरतीत टाळी चुकते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने. आपण शेजारच्याची टाळी ऐकतो आणि मग आपली वाजवतो, त्यामुळे कायम मागे पडतो. ताल धरणं म्हणजे पुढची मात्रा, म्हणजे तालातला पुढचा ठोका, कधी पडणार हे ती पडायच्या आधीच ठाऊक असणं. मी शाळेत असताना सहा वर्षं तबला शिकलो. पहिले दोन महिने सरांनी तबल्याला हात लावू दिला नाही, नुसते हातावर मात्रा मोजत बोल म्हणायला लावले. चांगला संगीताचा गेम तुमच्याकडून हेच करून घेतो, आणि न कंटाळता शंभर वेळा करून घेतो. म्हणून गेम निवडताना मी एकच गोष्ट बघतो: हा मला ऐकायला लावतो का, की पडद्यावरून घरंगळत येणारे ठिपके नुसते डोळ्यांनी टिपायला लावतो?

सुरुवात 'अ डान्स ऑफ फायर अँड आइस'ने करा. मलेशियात सुरू झालेल्या 'सेव्हन्थ बीट गेम्स'चा हा गेम २०१९ साली स्टीमवर, म्हणजे पीसी गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, आला. त्याची छोटी आवृत्ती ब्राउझरमध्ये फुकट खेळता येते, तेव्हा पैसे घालायच्या आधी तीच उघडा. बटण एकच. एक लाल ग्रह आणि एक निळा ग्रह एकमेकांभोवती फिरतात. फिरणारा ग्रह वाटेतल्या पुढच्या फरशीवर आला की बटण दाबायचं. तो तिथे टेकतो आणि मग दुसरा त्याच्याभोवती फिरायला लागतो.

खरी मजा वाटेच्या वळणांत आहे. वाट सरळ असेल तर ग्रहाला १८० अंश फिरावं लागतं आणि त्याला बरोबर एक मात्रा लागते. वाट आतल्या बाजूला काटकोनात वळली की ९० अंशच फिरायचं, म्हणजे अर्धी मात्रा. ६० अंशांचा कोपरा आला तर मात्रेचा तिसरा हिस्सा. पहिल्यांदा खेळताना मी तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला हात काढून घेतला आणि पडद्याकडे बघतच बसलो. ही तर दुगुन (एका मात्रेत दोन ठोके), आणि ही तिगुन! ४५ अंशांची दातेरी वाट म्हणजे चौगुन. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी १२० अंशांची वळणं आली तर दोन मात्रांत तीन ठोके बसतात, म्हणजे आड. आड लय हातात बसवायला मला एक अख्खी उन्हाळ्याची सुट्टी लागली होती, आणि इथे ती कागदावर काढून दाखवल्यासारखी समोर होती. ज्यांनी ताल कधी शिकला नाही त्यांना ही नावं माहीत असायची गरज नाही. त्रिकोणी वाटेवरून दहा वेळा गेलात की तिगुन कानाला आपोआप ओळखीची होते.

एक ठोका चुकला की बहुतेक ठिकाणी लेव्हल पहिल्यापासून. लेव्हल छोट्या असतात म्हणून हे सोसतं. अडकलात तर एक उपाय करा: कीबोर्ड सोडा, मांडीवर हाताने ती वाट वाजवून बघा, तोंडाने 'ता' म्हणा, आणि मगच बटणाकडे जा.

पण त्याच्याही आधी एक काम आहे. हेडफोन वायरचा लावा. मी दोन संध्याकाळी सारखा हरत होतो. हात जड झाला, सवय गेली, असं वाटायला लागलं होतं. तिसऱ्या दिवशी ब्लूटूथ हेडफोनची बॅटरी संपली म्हणून कपाटातला जुना वायरचा काढला आणि पहिल्याच फटक्यात लेव्हल पार झाली. हिशोब सरळ आहे. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची असते, दुगुनीत २५०. ब्लूटूथवर आवाज कानापर्यंत यायला दीडशे-दोनशे मिलिसेकंद उशीर होणं अगदी नेहमीचं आहे. म्हणजे तुम्ही ऐकून अचूक दाबलंत तरी गेमच्या घड्याळात जवळजवळ अख्खी दुगुनीची मात्रा उलटून गेलेली असते. सेटिंगमध्ये कॅलिब्रेशन असतं. त्यात ठोक्याबरोबर बटण दाबत राहायचं, गेम तुमचा उशीर मोजतो आणि वजा करतो. ते कराच, वायर असली तरी करा. पण आपण दाबलेल्या बटणाचा आवाज उशिरा येतो त्याला कॅलिब्रेशन काही करू शकत नाही, म्हणून वायरच बरी.

त्यानंतर याच लोकांचा 'ऱ्हिदम डॉक्टर' घ्या. तो २०२१ साली अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच विक्रीला, आला. तुम्ही एका हॉस्पिटलातले शिकाऊ आहात, रुग्णांच्या हृदयाचे ठोके पडद्यावर एका रेषेत उमटतात आणि दर सातव्या ठोक्याला स्पेसबार दाबून झटका द्यायचा. सात म्हटल्यावर मला सात मात्रांचा रूपक तालच आठवला, तीं तीं ना, धी ना, धी ना. पण रूपकात आमचं सगळं लक्ष सात संपून येणाऱ्या समेवर, म्हणजे पुन्हा येणाऱ्या पहिल्या मात्रेवर, आणि इथे महत्त्व सातव्यालाच. पहिल्या दिवशी माझं बोट एक मात्रा पुढे पळत होतं. तुम्हाला ती सवयच नाही, तेव्हा या बाबतीत तुम्ही माझ्यापेक्षा सोप्या जागी आहात.

या गेमची मला सगळ्यात आवडलेली जागा सांगतो. एका रुग्णाच्या वेळी जोडणी बिघडते, पडदा फाटल्यासारखा होतो, हृदयाची रेषा उड्या मारायला लागते. डोळ्यांनी मोजणारा तिथे हमखास घसरतो. मी दिवा बंद केला, डोळे मिटले आणि नुसता ऐकत बसलो, तर ठोके जागच्या जागीच होते. पुढे खुद्द गेमची खिडकीच डेस्कटॉपवर इकडे तिकडे फिरायला लागते आणि दोन रुग्णांचे वेगवेगळे ठोके एकदम सांभाळावे लागतात. नजर हटवण्याचे इतके प्रकार करतात आणि कानाला मात्र एकदाही फसवत नाहीत. हा प्रामाणिकपणा मला फार मोठा वाटतो.

हे छोट्या लोकांच्याच हातून का झालं, यालाही कारण आहे. २००५ साली आलेल्या 'गिटार हिरो'नंतर अमेरिकेत प्लास्टिकच्या गिटारींची लाट आली. प्रसिद्ध गाण्यांचे हक्क विकत घ्यायचे, वाद्याचं खोकं विकायचं, आणि दर वर्षी नवे भाग काढायचे. लोक कंटाळले आणि २०११ च्या फेब्रुवारीत ॲक्टिव्हिजन या कंपनीने आपला 'गिटार हिरो'चा विभागच बंद करत असल्याचं जाहीर केलं. दोन-चार माणसांच्या चमूला प्रसिद्ध गाण्याचे हक्क परवडतच नाहीत. मग संगीत स्वतःचंच करावं लागतं, आणि गेमचा नियम आणि चाल एकाच टेबलावर जन्माला येतात. माझ्या मते तिथेच सगळा फरक पडतो.

'क्रिप्ट ऑफ द नेक्रोडान्सर' हे त्याचं पक्कं उदाहरण. व्हँकुव्हरच्या ब्रेस युअरसेल्फ गेम्सचा, रायन क्लार्कचा, संगीत डॅनी बॅरनॉव्स्कीचं, पूर्ण आवृत्ती एप्रिल २०१५ ची. दिसायला साधं तळघर, राक्षस, खजिना. पण प्रत्येक पाऊल मात्रेवर टाकायचं, कारण राक्षसही मात्रेवरच चालतात. निळा स्लाइम (चिकट गोळ्यासारखा राक्षस) एक मात्रा सोडून वर-खाली उडी मारतो, सांगाडा एक मात्रा थांबून पुढच्या मात्रेला एक घर पुढे येतो. ही पावलं एकदा पाठ झाली की लढाई लेझीमच्या डावासारखी वाटायला लागते. समोरचा कधी पुढे येणार हे ठाऊक असतं, आपण त्या मात्रेला बाजूला सरायचं. तळघराच्या तिसऱ्या भागात आगीची बाजू आणि बर्फाची बाजू असते. इकडून तिकडे पाऊल टाकलं की ताल तोच राहतो पण वाद्यं बदलतात. आणि या गेममधला दुकानदार चक्क गातो! गाण्याच्या साथीने त्याचा खर्जातला आवाज येत असतो, जवळ जाल तसा मोठा होतो. भिंतीमागे दुकान कुठे आहे हे मी नकाशा न बघता त्याच्या आवाजावरून शोधतो.

यात तालाची अट नको असेल तर 'बार्ड' हे पात्र निवडा. तुम्ही हलाल तेव्हाच राक्षस हलतात. नवख्याने पहिले चार दिवस त्याच्याबरोबर पावलं पाठ करावीत आणि मग केडन्स या मूळच्या पात्राकडे यावं. पुढे याच चमूला निन्टेन्डो या बड्या जपानी गेम कंपनीने आपल्या 'झेल्डा' या गेममालिकेतली पात्रं वापरून असाच गेम करू दिला, तो २०१९ साली आला. मोठ्या कंपनीने एका छोट्या चमूला आपली इतकी लाडकी पात्रं सोपवणं ही साधी गोष्ट नाही.

बाकीचे थोडक्यात. 'थंपर' हा मार्क फ्लरी आणि ब्रायन गिब्सन या दोघांचा, २०१६ चा. धातूचा भुंगा रुळांवरून सुसाट जातो, संगीत भीतिदायक, आणि पुढे पुढे चाराचा हिशोब सोडून पाच-सातवर जातं. अप्रतिम आहे, पण पहिला गेम म्हणून नको. 'ओसू!' फुकट आहे, २००७ पासून चालू आहे, लेव्हल लोकच बनवतात. त्यात नवखे वेगाच्या मागे लागतात आणि मनगट दुखवून घेतात, तेव्हा बेतानेच. 'फ्रायडे नाइट फंकिन' ब्राउझरमध्ये फुकट आहे, घरातल्या मुलांना लगेच आवडेल. माझ्या आठ वर्षं जुन्या, ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर थंपर सोडून सगळे सुरळीत चालतात. थंपरसाठी सेटिंग खाली आणावी लागली.

आता राहिला माझा सगळ्यात लाडका, 'ऑडिओसर्फ'. डिलन फिटररने केलेला, २००८ चा. यात खरी मजा तुमच्याच गाण्यांची. तुम्ही तुमच्या कॉम्प्युटरवरची फाइल द्यायची, गेम ती आधी पूर्ण ऐकतो आणि तिचा रस्ता बनवतो. शांत भागात रस्ता चढ चढतो, जोरकस भागात उतारावरून धावतो, आणि ठोक्यांच्या जागी रंगीत ठोकळे येतात. मी त्याला सतारीची एक जुनी खासगी मैफल दिली होती. आलापाला लांबच लांब चढ आणि तुरळक ठोकळे, आणि 'झाला', म्हणजे सतारवादनातला शेवटचा जलद भाग, सुरू झाला तेव्हा ठोकळ्यांची झड लागली.

मग आईच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग लावलं, फोनवर घेतलेलं, मागे भांड्यांचे आवाज असलेलं. आई शेजारी येऊन बसली. अभंग चढावर संथ चालला होता. शेवटी टाळ जलद झाले, रस्ता कलला आणि खाली सुटला. आई म्हणाली, "बघ, गजर आला." तिने आयुष्यात गेमला हात लावलेला नव्हता, पण रस्ता कुठे कलणार हे तिला माझ्याआधी कळत होतं. तिने त्या संध्याकाळी तो अभंग सहा वेळा लावायला लावला, आणि शेवटचे तीन वेळा माउस तिच्याच हातात होता.

ऑडिओसर्फला फाइल लागते, ॲपवर ऐकलेलं गाणं चालत नाही. एमपीथ्री असली की झालं. सुरुवातीला 'मोनो' हा प्रकार निवडा, त्यात रंगीत ठोकळे घ्यायचे आणि राखाडी टाळायचे एवढंच. तुमच्या घरी गणपतीतल्या आरत्यांचं रेकॉर्डिंग कोणाच्या तरी फोनमध्ये असेलच. पहिली फाइल तीच लावा.