आमदारांनी सभागृहात प्रश्न विचारल्यावर रखडलेली भरती खरंच हलते का?

हलते, पण प्रश्न कसा लिहिलाय यावर बरंच काही ठरतं. तुमचं म्हणणं असं की जिल्हा परिषदेच्या भरतीत निवड यादीत नाव आलं, कागदपत्रांची पडताळणी झाली, तरी नियुक्ती आदेश नाही. कचेरीत गेलं की 'वरून पत्र आलेलं नाही' एवढंच ऐकायला मिळतं, आणि आता आमदारांकडे जाण्यात काही अर्थ आहे का, हे तुम्हाला हवंय. मी काही वर्षं एका आमदारांच्या कार्यालयात अधिवेशनाच्या प्रश्नांचे मसुदे करत होतो. तेव्हा जे जवळून पाहिलं त्यावरून सांगतो.

टीव्हीवर आपल्याला फक्त सभागृहातली खडाजंगी दिसते. त्याच्या कितीतरी आधी प्रश्नाचं काम सुरू झालेलं असतं. आमदारांनी दिलेला प्रश्न विधानमंडळ सचिवालयाने स्वीकारला की तो मंत्रालयात संबंधित विभागाच्या कार्यासनाकडे, म्हणजे तो विषय हाताळणाऱ्या शाखेकडे, जातो. तिथून जिल्ह्याला पत्र सुटतं : अमुक तारखेच्या आत माहिती पाठवा. कचेऱ्यांमध्ये याला 'एलएक्यू' (लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन, म्हणजे विधानसभेचा प्रश्न) म्हणतात, आणि अधिवेशनाच्या दिवसांत एलएक्यूचं पत्र टेबलावर पडून राहत नाही. मंत्र्यांना सभागृहात उभं राहून उत्तर द्यायचं असतं आणि माहिती चुकली तर ती पाठवणाऱ्याला जाब द्यावा लागतो. महिनोन्‌महिने सापडत नसलेली फाईल अशा एका पत्रापायी बाहेर आलेली मी पाहिली आहे. कित्येकदा उत्तर छापून येण्याआधीच उमेदवाराला 'आदेश घ्यायला या' म्हणून फोन गेलेला असतो.

मंत्र्यांनी उत्तर देणं ही काही मेहेरबानी नाही. संविधानाच्या अनुच्छेद १६४ नुसार मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार आहे, आणि सरकारी नोकरीत समान संधी हा अनुच्छेद १६ ने दिलेला मूलभूत हक्क आहे. म्हणून 'साहेब, जरा बघा ना' असं म्हणत आमदारांकडे जाऊ नका. कागद घेऊन जा.

आता मसुद्याबद्दल. सगळं इथेच घडतं किंवा बिघडतं. आपल्याकडच्या प्रश्नाचा साचा ठरलेला आहे : '(१) अमुक घडले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, त्यानुसार कोणती कारवाई केली, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत ?' पहिल्याच भागात कुणी 'भरतीत मोठ्या प्रमाणावर गैरव्यवहार झाला, हे खरे आहे काय' असं लिहिलं की उत्तर येतं, 'हे खरे नाही.' आणि पुढच्या तिन्ही भागांना एकच ओळ : 'प्रश्न उद्भवत नाही.' संपलं. उमेदवारांची एवढी तळमळ त्या एका ओळीत वाया जाते. मला याचा फार त्रास व्हायचा, कारण खाली वेदना खरी असायची आणि वरचं वाक्य ढिसाळ.

तोच प्रश्न असा लिहून बघा : 'अमुक क्रमांकाच्या जाहिरातीतील अमुक संवर्गाची निवड यादी अमुक दिनांकास प्रसिद्ध होऊनही त्यातील उमेदवारांना अद्याप नियुक्ती आदेश देण्यात आलेले नाहीत, हे खरे आहे काय ? असल्यास, यादीत किती उमेदवार आहेत, किती जणांना आदेश दिले, किती प्रलंबित आहेत व प्रत्येक प्रलंबित प्रकरणाचे कारण काय ?' याला 'खरे नाही' म्हणता येत नाही, कारण यादी तर त्यांच्याच संकेतस्थळावर आहे. फार तर 'अंशतः खरे आहे' म्हणतील, पण मग कोणता अंश ते सांगावं लागेल. पदसंख्या मधेच बदलली असेल तर आणखी एक भाग जोडा : त्या संवर्गाची बिंदुनामावली विभागीय आयुक्त कार्यालयातल्या मागासवर्ग कक्षाकडून कोणत्या तारखेला तपासून घेतली. आरक्षणाच्या जागा कशा मोजल्या हे त्या कागदावर असतं, आणि तारीख विचारली की ती सांगावी तरी लागते किंवा तपासणी झाली नाही हे कबूल तरी करावं लागतं.

पैशांबद्दलचे प्रश्न तर मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात, आणि तेच सर्वांत कमी विचारले जातात. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ पदांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले. शुल्क खुल्या प्रवर्गाला १,००० रुपये, मागास प्रवर्गाला ९००. सरसकट ९०० धरले तरी ही रक्कम ९० कोटींच्या वर जाते. यातली बहुतेक मुलं घरून पैसे मागवून अभ्यास करणारी. जमा किती झाले, परीक्षा घेणाऱ्या कंपनीला किती दिले, शिल्लक कुठे आहे, हे प्रत्येक भरतीनंतर विचारलं गेलं पाहिजे.

प्रश्नांनी धोरण बदलतं का, असंही तुम्ही विचारलंय. एकट्या प्रश्नाने क्वचितच. सरकारी भरतीच्या ऑनलाइन परीक्षा घेणारं महापरीक्षा पोर्टल २०२० मध्ये बंद झालं, त्यामागे सभागृहातल्या आवाजाइतकाच रस्त्यावर उतरलेल्या उमेदवारांचा रेटा होता. २०२३ मध्ये खासगी एजन्सींमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा शासन निर्णय सप्टेंबरात निघाला आणि ऑक्टोबरात रद्द करावा लागला, तेव्हाही तेच. उलट टीईटीतला (शिक्षक पात्रता परीक्षेतला) गैरव्यवहार २०२१ मध्ये पुणे पोलिसांच्या तपासात बाहेर आला, आणि पुढे साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली. गुन्हा शोधणं हे पोलिसांचं काम. सभागृहातला प्रश्न ते काम करू शकत नाही, पण तपास कुठवर आला हे दर अधिवेशनात विचारत राहू शकतो.

सेवांचंही असंच. रिक्त पदाचा फटका शेवटी दाखल्यासाठी खेटे घालणाऱ्या माणसाला बसतो. एका तलाठ्याकडे दोन-तीन सज्जे (तलाठ्याच्या हद्दीतले गावांचे गट) असतील तर तो कोणत्या गावात भेटणार ? महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा मुदतीत मिळाली नाही तर खात्यातच दोन अपिलं आणि तिसरं राज्य सेवा हक्क आयोगाकडे करता येतं, आणि कसूरदार अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. आमदारांनी इथे 'सेवा मिळतात काय' असं विचारण्यात हशील नाही. गेल्या वर्षी या तालुक्यात किती अर्ज मुदतीबाहेर गेले आणि किती अधिकाऱ्यांना दंड झाला, असं विचारावं.

कुणाकडे जायचं ? तुमचे आमदार मंत्री असतील तर ते प्रश्न विचारणार नाहीत, तेव्हा दुसरा सदस्य शोधा. सत्ताधारी पक्षाचे आमदार प्रश्न विचारत नाहीत हा समज मात्र चुकीचा आहे, भरपूर विचारतात. आणि विधानपरिषद विसरू नका. तिथे पदवीधर मतदारसंघातून ७ सदस्य निवडून येतात. त्यांचे मतदार म्हणजे तुमच्यासारखेच पदवीधर, त्यामुळे भरतीच्या विषयाला तिथे कान मिळतो. अधिवेशन सुरू झाल्यावर जाऊ नका. प्रश्न बराच आधी द्यावा लागतो. उशीर झालाच तर लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी) किंवा औचित्याचा मुद्दा (सभागृहात विषय थोडक्यात मांडणं) हे मार्ग उरतात, पण त्यांना नशीबही लागतं.

प्रश्नोत्तराच्या तासात मोजकेच तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचे, प्रश्न पुकारले जातात. तुमचा राहिला तरी हिरमुसू नका, त्याचं लेखी उत्तर मिळतं. पुकारला गेला, तर उपप्रश्न आधीच तयार ठेवायला सांगा. 'कार्यवाही सुरू आहे' असं उत्तर आलं की लगेच : कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण करणार ? 'प्रकरण न्यायप्रविष्ट आहे' म्हणाले तर : न्यायालयाने स्थगिती दिली आहे का ? स्थगिती नसतानाही न्यायप्रविष्ट म्हणून नियुक्त्या अडवून ठेवतात, आणि हे एका उपप्रश्नात उघडं पडतं. मंत्र्यांनी 'महिन्याभरात आदेश देऊ' असं म्हटलं तर ते आश्वासन ठरतं आणि ते पाळलं की नाही हे पाहायला विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. महिना उलटला की त्याच आमदारांकडून समितीला पत्र द्यायला लावा.

तोवर एक काम आजच करा. माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाकून निवड यादीनंतर फाईलवर लिहिलेल्या टिपणीची प्रत मागा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे आणि ती प्रत प्रश्नाला जोडता आली तर फार बळ येतं. जाहिरात क्रमांक, संवर्ग आणि यादीची तारीख खाली लिहा, मी मसुदा करून देतो. प्रतीक्षा यादीची मुदत जाहिरातीत कुठे दिली आहे तेही बघून लिहा, ती संपत आली असेल तर आधी तिच्याबद्दल विचारावं लागेल.