कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग कार्डाऐवजी थेट पोर्टेबल हार्ड डिस्कवर करता येतं का? ते भरवशाचं असतं का?

तुमचं म्हणणं असं की मेमरी कार्डं सारखी भरतात, घरात २ टीबीची पोर्टेबल डिस्क पडून आहे, मग रेकॉर्डिंग थेट तिच्यावरच का घेऊ नये. घेता येतं. पण ती डिस्क आत चकती फिरणारी असेल, तर घेऊ नका. एसएसडी घ्या, म्हणजे आत काहीच न फिरणारा, चिपवर लिहिणारा ड्राइव्ह. इतकं ठाम सांगतोय, कारण याच मुद्द्यावरून माझं आणि माझ्या जुन्या भागीदाराचं वाजलेलं आहे आणि ते अजून मिटलेलं नाही. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. कॅमेरा मी त्यांच्याच हाताखाली शिकलो.

तालवाद्यांचा कार्यक्रम होता. दीड तास सलग वादन, मध्यंतर नाही. आम्ही तीन कॅमेरे लावले होते. मुख्य कॅमेऱ्याचं एचडीएमआय बाहेरच्या रेकॉर्डरला जोडलेलं आणि रेकॉर्डरच्या कप्प्यात अडीच इंची साधी हार्ड डिस्क. १०८०पी, सेकंदाला २५ फ्रेम, प्रोरेस ४२२ एचक्यू, म्हणजे अ‍ॅपलचा उंची दर्जाचा, मोठ्या फायलींचा व्हिडिओ फॉरमॅट. कॅमेऱ्यात कार्ड होतंच. मी म्हटलं, तेही चालू ठेवूया. दादा म्हणाले, "बाहेर एवढं चांगलं रेकॉर्ड होतंय, आत तेच हलक्या दर्जाचं कशाला भरतोस? नंतर दोन-दोन फायली जुळवत बसशील." मी गप्प बसलो. तेव्हा गप्प बसायला नको होतं.

ट्रायपॉड लाकडी चौथऱ्यावर होता आणि त्याच चौथऱ्याला चिकटून सबवूफर, म्हणजे खर्जाचा मोठा स्पीकर. सुरुवातीची वीस मिनिटं संथ होती, सगळं ठीक चाललं. मग लय वाढली. पायाखालची फळी थरथरायला लागली, रेकॉर्डरच्या पडद्यावर इशारा चमकला आणि रेकॉर्डिंग आपोआप बंद पडलं. बटण दाबलं, सुरू झालं. चार मिनिटांनी पुन्हा बंद. पुढचा सगळा वेळ माझा एक हात पॅनच्या दांडीवर आणि दुसरा रेकॉर्डच्या बटणावर. कार्यक्रम संपला तेव्हा एका सलग फायलीऐवजी ११ तुकडे होते. शेवटी तिन्ही वादक एकदम उभे राहून वाजवतात, तो भाग मुख्य कॅमेऱ्यात नाहीच. बाजूच्या कॅमेऱ्यात एकाची पाठ दिसते आणि दुसऱ्याचे फक्त हात.

दादांनी जागच्या जागी निकाल दिला: केबल खराब. केबल मी आणली होती, म्हणजे चूक माझी. सगळ्यांसमोर म्हणाले आणि तेच कायम झालं.

पण एचडीएमआय केबल हलली असती तर रेकॉर्डरच्या पडद्यावरचं चित्र गेलं असतं. चित्र एकदाही गेलं नव्हतं, मी समोर उभा होतो. म्हणून घरी येऊन मी ध्वनिमुद्रणाची वेगळी फाइल टाइमलाइनवर टाकली आणि ते ११ तुकडे तिच्याखाली जुळवून लावले. अकरावा तुकडा मी हाताने बंद केलेला, बाकीचे १० आपोआप तुटलेले. त्यातले ९ वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) सगळ्यात जाड आहे, म्हणजे आवाज सगळ्यात मोठा आहे, तिथे तुटले होते. संथ भागात एकही नाही. केबलला ताल कळत नाही.

वेगाचा प्रश्न म्हणावा, तर तोही नव्हता. या फॉरमॅटला सेकंदाला साधारण २३ एमबी लागतात. ती डिस्क १०० च्या वर लिहायची. मग अडत कुठे होतं? फिरणाऱ्या डिस्कमध्ये लिहिणारं हेड चकतीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं आणि ज्या ट्रॅकवर ते लिहितं, त्याची रुंदी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास. धक्क्याने हेड ट्रॅकवरून जरा सरकलं, तर शेजारचा डेटा खराब होऊ नये म्हणून डिस्क लिहिणं थांबवते आणि तीच जागा पुन्हा खाली यायची वाट बघते. ५४०० आरपीएमच्या डिस्कला एका फेरीला ११ मिलिसेकंद लागतात. एकदा हुकलं तर काही बिघडत नाही, बफर, म्हणजे रेकॉर्डरची तात्पुरती साठवण, सांभाळून घेतो. पण थरथर सुरूच राहिली, तर फेऱ्यांमागून फेऱ्या वाया जातात, आणि इकडे कॅमेरा दर ४० मिलिसेकंदांनी नवी फ्रेम पाठवतच असतो. बफर भरला की रेकॉर्डर हात टेकतो. २००८ साली ब्रेंडन ग्रेग या अभियंत्याने सर्व्हरच्या डिस्कांसमोर नुसतं ओरडून त्यांचं काम मंदावलेलं आलेखावर दाखवलं होतं. तो व्हिडिओ शोधून बघा. ओरडण्याने एवढं होतं, तर सबवूफरने काय होईल?

तरी दादा मानेनात, म्हणून मी प्रयोग केला. तोच रेकॉर्डर, तीच डिस्क, आणि मुद्दाम तीच केबल. टेबलावर ठेवून ५० मिनिटं: एकदाही बंद पडलं नाही. मोठ्या स्पीकरच्या खोक्यावर ठेवून त्याच कार्यक्रमाचा आवाज लावला: सहा मिनिटांत तीनदा बंद. खाली दोन इंच फोम घातला: बंद पडायचं थांबलं. फोम काढून कप्प्यात एसएसडी घातला आणि खोक्यावर ठेवला: काही फरक नाही, आरामात चालला. चारही वेळचं चित्रीकरण करून दादांना पाठवलं. उत्तर आलं, "तिथे केबल सैल असेल, घरी तू नीट बसवली असशील." यावर काय बोलणार.

असो, तुमच्या प्रश्नाकडे येतो. बहुतेक कॅमेऱ्यांचा यूएसबी पोर्ट रेकॉर्डिंगसाठी नसतोच. डिस्क जोडली म्हणून कॅमेरा तिच्यावर लिहायला लागत नाही. ती सोय कॅमेऱ्यातच असावी लागते. ब्लॅकमॅजिकच्या २०१८ च्या पॉकेट सिनेमा कॅमेरा ४के मध्ये ती आहे, पॅनासॉनिकच्या एस५ टू एक्समध्ये आहे, आयफोन १५ प्रोपासून फोनमध्येही आली. फोनवर प्रोरेस ४के ६० फ्रेमने घ्यायचं, तर अ‍ॅपल सेकंदाला किमान २२० एमबी लिहिणारी ड्राइव्ह मागतं. अडीच इंची फिरती डिस्क तिथपर्यंत पोचतच नाही. सोय नसेल, तर एचडीएमआयवरून बाहेरचा रेकॉर्डर, आमच्यासारखा.

"माझी डिस्क १२० ने लिहिते, मी तपासलंय," असं कोणी म्हणालं, तर विचारा, रिकामी असताना की भरत आल्यावर? चकतीच्या बाहेरच्या कडेला वेग जास्त असतो, आत जाता जाता तो जवळपास निम्मा होतो. ४के २५ फ्रेमच्या प्रोरेस ४२२ एचक्यूला सेकंदाला साधारण ९२ एमबी लागतात, म्हणजे तासाला ३३० जीबी. अशी डिस्क पहिल्या तासाला साथ देईल आणि चौथ्या तासाला सोडेल. त्यात ती एसएमआर प्रकारची असेल, म्हणजे ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेली, तर सलग लिखाणात मध्येच बसकण मारते. हल्लीच्या बऱ्याच पोर्टेबल डिस्का तशाच असतात.

एसएसडी म्हटला म्हणजे सगळं संपलं असंही नाही. स्वस्त एसएसडी त्यांची कॅशे (आतली छोटी, वेगवान साठवण) भरेपर्यंत पळतात, मग वेग कोसळतो. म्हणून पाच मिनिटांच्या चाचणीवर जाऊ नका, तासभर सलग घ्या. ड्राइव्ह एक्सफॅट या फाइल-पद्धतीत फॉरमॅट करून ठेवा. आणि कॅमेऱ्याच्या यूएसबीवर थेट जोडलेल्या एसएसडीच्या बाबतीत दादांचं म्हणणं खरं आहे, हे मला लिहायलाच हवं: तिथे केबलच घात करते. यूएसबी-सीचं तोंड जरा तिरपं झालं की ड्राइव्ह सुटते. फाइल एमओव्ही असेल तर तिची अनुक्रमणिका बहुतेक वेळा रेकॉर्डिंग बंद करताना लिहिली जाते, त्यामुळे सुटण्याआधीचा तासभरही उघडत नाही. अनट्रंकसारखं साधन त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगची धड फाइल नमुन्याला घेऊन पुष्कळदा वाचवतं, नेहमी नाही. एसएसडी लटकत ठेवू नका, केजला (कॅमेऱ्याभोवतीच्या धातूच्या चौकटीला) घट्ट बसवा, आखूड केबल वापरा आणि तिला क्लॅम्प लावा.

आतलं कार्ड सोबत चालू ठेवता येत असेल तर ठेवा, कोणी कितीही अनुभवी माणूस नको म्हणाला तरी. कॅमेऱ्याचं मॉडेल तुम्ही लिहिलेलं नाही. ते लिहा, मॅन्युअल बघून सांगतो.