बायोडाट्यातले चौदा महिने

"सगळं ठरलं होतं मॅडम, आणि मधेच हे झालं. आता माझं करिअर संपलं का?"

करिअर समुपदेशक म्हणून महिन्यातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न माझ्यासमोर येऊन बसतो. कुणाच्या घरी आजारपण, कुणाची कंपनी बंद, कुणाचं लग्न आणि बदली. त्यातल्या एकाची गोष्ट त्याच्या परवानगीनं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

मुलगा सत्तावीस वर्षांचा. मेकॅनिकलचा डिप्लोमा, पुण्यात गाड्यांचे सुटे भाग तपासायच्या कामावर चार वर्षं. एका रात्री वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. दोन आठवड्यांची रजा टाकून तो सोलापूरला आला, ती रजा संपलीच नाही. चौदा महिने झाले होते. मामांच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात "नुसता बसतो" म्हणाला. "सोलापुरात काय आहे ओ मॅडम?"

'जे होतं ते भल्यासाठी' हे वाक्य मी कधीच म्हणत नाही. बापाचं अंग लुळं पडलं, यात भलं कसलं? पहिली भेट त्याच्या रडण्यातच गेली, आणि ती तशीच जायला हवी होती. झोप, जेवण, घरखर्च एवढंच विचारलं. झोप पार उडाली असती किंवा जीव नकोसा वाटत असता, तर आधी मनोविकारतज्ज्ञांकडेच पाठवलं असतं. अशा वेळी १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांकही आहे, तो मोफत आहे.

दुसऱ्या भेटीत बोलता बोलता त्यानं माझ्या टेबलावरचा हात पुसायचा टॉवेल उचलला. उलटा केला, नखानं एक लूप ओढून पाहिला. "याला दोन बीम लागतात मॅडम, म्हणजे उभं सूत गुंडाळलेले रूळ. एकाचा ताणा ताठ, दुसऱ्याचा सैल सोडतात. त्या सैल सुताचे हे लूप. इथं सैलपणा सारखा नाही, दोन-चार धुण्यांत उघडा पडेल."

हे कुणी शिकवलं, विचारलं. कुणीच नाही. खिशातून एक वही निघाली. कुठल्या मागावर, कुठल्या पाळीत किती वेळा धागा तुटला, याच्या सहा महिन्यांच्या नोंदी. पुण्यात रिजेक्शनचा हिशेब ठेवायची सवय होती, ती हातातून गेली नव्हती. आणि हा माणूस मला सांगत होता की तो नुसता बसतो!

आमच्या विषयात जॉन क्रुम्बोल्ट्झ नावाचे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. कॉलेजात मुख्य विषय निवडायची मुदत संपत आली, तेव्हा त्यांनी आपल्या टेनिसच्या प्रशिक्षकांना विचारलं. ते प्रशिक्षक नेमके मानसशास्त्राचे प्राध्यापक होते! पुढे १९९९ मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांसह मांडलं, की योगायोग टाळता येत नाहीत, पण कुतूहल, चिकाटी, लवचिकता, आशा आणि थोडी जोखीम घ्यायची तयारी असली तर ते कामी येतात. या मुलाकडे पहिल्या दोन गोष्टी त्या वहीत लिहिलेल्याच होत्या. आशा आटली होती.

म्हणून त्याला एक काम दिलं. वडील सोलापूरच्या लक्ष्मी-विष्णू या कापड मिलमध्ये बदली कामगार होते, म्हणजे कायम कामगार गैरहजर असला की त्याच्या जागी काम. मिल बंद पडल्यावर पुढे काय झालं, ते त्यांनाच विचारून ये. इतकी वर्षं घरात सांगायचे ते एवढंच, की मिल गेली आणि बाबा यंत्रमागावर लागले. आता अडखळत्या जिभेनं वडिलांनी मधलं सांगितलं: आठ महिने हातगाडीवर भाजी विकली होती. ओळखीचं कुणी दिसलं की गाडी दुसऱ्या बोळात घालायचे. आईला माहीत होतं, आजीलाही. बोलत कुणी नव्हतं.

हे सांगताना तो बराच वेळ थांबला. मीही काही बोलले नाही.

मग छोटी पावलं ठरली. वही मामांना दाखवायची, दोन मागांवर महिनाभर फेरफार करून पाहायचा, बाहेरच्या एका कारखानदाराला भेटायचं. मामांनी आधी उडवून लावलं. तिसऱ्या महिन्यात परत येणारा माल कमी झाला, तेव्हा पगार ठरला. पुण्याच्या निम्माच आहे, हेही सांगायला हवं.

परवा त्यानं नवा बायोडाटा आणला. आधी तिथं 'कौटुंबिक कारणास्तव खंड' अशी ओळ होती. आता लिहिलंय, 'टेरी टॉवेल उत्पादन, गुणवत्ता तपासणी'. वडील काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जातात. पुण्याचं काय, विचारलं, तर म्हणाला, "बाबा जिना चढू लागले की बघू."