लेकीला जबडा कमी करून घ्यायचाय, आणि सही आईची हवी आहे

दक्षिण कोरियातल्या सुवॉनहून एका आईचं पत्र आलं आहे. पत्र बरंच मोठं आहे, म्हणून त्यातला मुख्य भाग तेवढा देते.

"मिस्टरांच्या नोकरीमुळे आम्ही पुण्याहून इथे आलो तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती. आता अठरा पूर्ण आहेत. ती कोरियन शाळेतच शिकली. नोव्हेंबरमध्ये तिची सुनुंग झाली, म्हणजे इथली विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा. त्यानंतर चार दिवस झोपली आणि मग म्हणाली, 'आई, मला जबडा करून घ्यायचाय.' तिच्या मैत्रिणी डोळे करून घेतायत. परीक्षेचं हॉलतिकीट दाखवलं की क्लिनिकवाले सवलत देतात. हिचा जबडा आत्यावर गेलाय, जरा रुंद आहे. मला तो कधीच खटकला नाही. 'नाही' म्हणायचं ठरवूनच मी तिच्याबरोबर सोलच्या गांगनम भागातल्या एका क्लिनिकमध्ये गेले. माझं कोरियन भाजीबाजारापुरतं. तिथल्या बाईंनी संगणकावर तिचा फोटो घेतला, जबड्याच्या दोन्ही बाजूंना लाल रेघा मारल्या आणि बोलत राहिल्या. माझी मुलगी मला मराठीत सांगत होती, 'त्या म्हणतायत इथून एवढं हाड काढायचं. त्या म्हणतायत माझा चेहरा मोठा दिसतो.' एकदाही तिचा आवाज हलला नाही. घरी येऊन रडले ती मी. ती इथल्या कायद्याने अजून सज्ञान नाही, म्हणून माझी सही लागते. तिचे बाबा म्हणतात, असली थेरं चालणार नाहीत, वेळ पडली तर सरळ पुण्याला परत जाऊ. मी तिला मनाच्या सौंदर्याबद्दल सांगून पाहिलं, तर ती हसली. माझ्या लग्नाच्या वेळी एका स्थळाने 'मुलगी सावळी आहे' म्हणून नकार कळवला होता, तेव्हा मीसुद्धा... असो. सही करू का?"

सप्रेम नमस्कार.

आधी उत्तर. सही करू नका. पण नाही म्हणण्याचं कारण मात्र बदला. तुम्ही जे कारण देताय ते तिला पटणारं नाही, आणि खरं सांगू का, मलाही ते पटलेलं नाही.

मनाचं सौंदर्य वगैरे ऐकून ती हसली, यात तिचं काही चुकलं नाही. ती ज्या देशात वाढली तिथे 'चेहरा किती लहान आहे तुझा' ही तोंडभरून केलेली स्तुती असते आणि दोन महिन्यांनी भेटलेली मैत्रीण 'वजन वाढलंय का गं?' हे नमस्कारासारखं विचारते. नोकरीच्या अर्जावर कोपऱ्यात फोटो लावायची तिथे जुनी पद्धत, आणि तो फोटो काढून, घासूनपुसून देणारे स्टुडिओ गल्लोगल्ली. 2019 मध्ये कायदा सुधारला. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला आता कामाशी संबंध नसताना उमेदवाराचं रूप, उंची, वजन विचारता येत नाही. पण फोटो मागायला सरसकट बंदी झाली नाही, त्यामुळे कोपरा आहे तिथेच आहे. 1997 च्या आर्थिक संकटात कोरियात नोकऱ्या धडाधड गेल्या. त्यानंतर पदवी, इंग्रजीचे गुण, इंटर्नशिप या यादीत चेहराही जाऊन बसला. 'नोकरीसाठीची सर्जरी' असा शब्दच तिथे रूढ आहे. 2015 साली गॅलप कोरियाने पाहणी केली, तेव्हा विशीतल्या बायकांपैकी जवळपास तिघींत एकीने काही ना काही करून घेतलेलं होतं. तेव्हा तुमची मुलगी नटवी आहे, डोक्यात हवा गेलीय, असं घरात कुणी म्हणत असेल तर आधी ते थांबवा. बाजारात कशाला काय भाव आहे, हे तिला तुमच्या-माझ्यापेक्षा नीट कळतं.

याच देशात 1895 मध्ये राजाने पुरुषांना शेंडीचा बुचडा कापायचा हुकूम काढला, तर लोक बंड करून उठले. अंगावरची कातडी आणि केस आईबापांनी दिलेले, त्यांना धक्का लावणं म्हणजे आईबापांचा अपमान, ही कन्फ्यूशियसच्या परंपरेतली शिकवण. च्वे इक-ह्यॉन नावाचे विद्वान म्हणाले होते म्हणतात, माझं डोकं उडवा, केस कापू देणार नाही. सव्वाशे वर्षांनी तिथलेच आईबाप परीक्षेचं बक्षीस म्हणून मुलीच्या पापण्यांच्या शस्त्रक्रियेचे पैसे भरतात. 'आमची संस्कृती' म्हणून कुणी छाती पुढे काढली की मला हा बुचडा आठवतो. आपल्याकडचं काही वेगळं नाही, त्यावर येतेच.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटलीय. मैत्रिणी डोळे करून घेतायत म्हणजे पापणीवर घडी पाडून घेतायत. कोरियातली ही सगळ्यात जास्त होणारी शस्त्रक्रिया. ती घडी तुमच्या मुलीच्या डोळ्यांना जन्मापासून आहे. नाकाचा उंच दांडाही बहुधा आहेच, ज्यासाठी तिथे सिलिकॉन नाहीतर कानाची, बरगडीची कूर्चा बसवतात. म्हणजे वर्गातल्या मुली जे विकत घेतायत ते हिच्याकडे फुकट आहे, आणि तरीही तिला कमी पडायला जबडा सापडलाच. हे तिला एकदा विचाराच, टोमणा म्हणून नको, खरंच विचारा: मैत्रिणी तुझ्या डोळ्यांकडे बघून काय म्हणतात? आणि ते ऐकून तुला किती दिवस बरं वाटलं होतं? तिच्या उत्तरात पुढचं बरंचसं असेल. जबडा झाला की यादीत रंग आहेच. त्वचा उजळवणारी क्रीम्स तिथे सरकारमान्य वर्गवारीत विकली जातात, आणि तुमची लेक कोरियन वर्गात सावळी असणार, हे मला कुणी सांगायला नको.

आता हाडाचं बोलू, कारण माझा खरा नकार तिथे आहे. पापणीची घडी आणि जबडा या दोन गोष्टी क्लिनिकच्या पत्रकात एका ओळीत छापल्या म्हणून सारख्या होत नाहीत. पापणीचं काम बऱ्याचदा भूल नुसती तेवढ्या जागेपुरती देऊन, टाक्यांवर होतं. जबड्याच्या कोपऱ्याचं हाड काढायला पूर्ण भूल लागते. तोंडाच्या आतून करवत चालते. खालच्या जबड्याच्या हाडातून जी शीर जाते ती ओठ आणि हनुवटीला संवेदना देते. ती दुखावली तर खालचा ओठ महिनोन्महिने, कधी कायमचा बधिर राहतो. चहा ओघळला तरी कळत नाही. हाड कमी झालं की त्यावरचं मांस कधीकधी सैल पडतं, मग ते वर ओढायची आणखी एक शस्त्रक्रिया. आणि कापलेलं हाड परत लावता येत नाही. दातांची ठेवण बिघडलेली असेल, चावता येत नसेल, तर जबड्याच्या शस्त्रक्रियेला वैद्यकीय अर्थ असतो. तसं काही तुम्ही लिहिलेलं नाही.

शिवाय अठराव्या वर्षी गालांवरचं बाळसं पुरतं उतरलेलं नसतं. पुष्कळदा जबडा रुंद दिसतो तो हाडामुळे नसून चावण्याच्या स्नायूमुळे. झोपेत दात खाणाऱ्या, वर्षभर परीक्षेच्या ताणाने दातावर दात आवळून बसणाऱ्या मुलींमध्ये तो स्नायू जाड होतो. त्यावर स्नायू सैल करणारी बोटॉक्सची सुई देतात, तिचा परिणाम काही महिन्यांत ओसरतो. ती द्या असं मी म्हणत नाही, पण हाड की स्नायू एवढं तरी कळलं पाहिजे. ते सांगायला डॉक्टर लागतो. तुम्हाला ज्या बाई भेटल्या त्या बहुतेक 'सांगदाम शिलजांग' असणार. या सल्लागार बाई डॉक्टर नसतात. त्यांचं काम पॅकेज विकण्याचं. लाल रेघा मारणाऱ्याला जबडा रुंदच दिसणार.

एक गोष्ट घाबरवायला म्हणून नाही, तर माहीत असावी म्हणून सांगते. 2016 मध्ये सोलमध्ये एक कॉलेजचा मुलगा जबड्याच्याच शस्त्रक्रियेसाठी गेला. मुख्य डॉक्टर काम अर्धवट सोडून दुसऱ्या रुग्णाकडे गेला. रक्तस्राव होत राहिला आणि काही आठवड्यांनी मुलगा गेला. त्याच्या आईने क्लिनिकचं कॅमेऱ्यातलं चित्रण मिळवलं, पुन्हा पुन्हा पाहिलं, कोण केव्हा आत आलं आणि बाहेर गेलं हे लिहून काढलं आणि कोर्टात लढली. डॉक्टरला तुरुंगवास झाला. तिच्या आणि तिच्यासारख्यांच्या रेट्यामुळे 2021 मध्ये कायदा झाला, आणि सप्टेंबर 2023 पासून पूर्ण भूल दिलेल्या शस्त्रक्रियांच्या खोलीत कॅमेरा सक्तीचा झाला. मुलीला हे बहुधा माहीत असेल. तुम्हाला माहीत आहे हे तिला कळू द्या. आई नुसती रडत नाही, वाचूनही येते, हे दिसलं की बोलण्याचा सूर बदलतो.

आता तुमच्या नकाराची मुदत. कोरियात एकोणिसावं पूर्ण झालं की माणूस सज्ञान. म्हणजे तुमच्या सहीची किंमत वर्षभराचीही नाही. त्यानंतर ती स्वतः कमावून, कर्ज काढून, तुम्हाला न सांगता जाऊ शकते. एकटी. हीच मला खरी भीती वाटते, म्हणून हे थोडे महिने भांडणात घालवू नका. तिला स्पष्ट सांगा: हाडाला मी आता सही करणार नाही. कॉलेज मार्चमध्ये सुरू होतं, त्याआधी सूज उतरवून नवा चेहरा घेऊन जायची तुझी घाई मला कळते, पण त्या घाईसाठी नाही. दोन वर्षांनी तुला हेच हवं असेल तर मी अडवणार नाही, बरोबर येईन. आणि हे नुसतं बोलायचं म्हणून बोलू नका. दोन वर्षांनी शब्द फिरवणार असाल तर आत्ता देऊच नका.

मिस्टरांना माझा निरोप: पुण्याला परत जायची धमकी बंद करा. जी मुलगी बारा वर्षं तिथे वाढली तिला पुणं हे आजोळ आहे, घर नाही. आणि पुण्यात काय तिच्या चेहऱ्यावर कुणी बोलणार नाही? लग्नाच्या जाहिरातींत 'गोरी, सुस्वरूप, नाकीडोळी नीटस' आपणच छापतो. उन्हातून आलेल्या पोरीला 'काळवंडलीस गं' म्हणून तिची आत्याच स्वागत करेल. तिकडे चेहऱ्याला गुण देतात, आपल्याकडे रंगाला. एवढाच फरक.

म्हणून तुमच्या पत्रातलं ते 'असो' मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. तुम्ही ते वाक्य अर्धवट सोडलंत. ते मला पुरं करून देऊ नका, लेकीला सांगा. पोह्यांची बशी घेऊन बाहेर गेलात तेव्हा समोरच्यांनी कसं पाहिलं, निरोप कोणी आणला, त्यानंतर किती दिवस तुम्ही डाळीचं पीठ आणि साय चोळत बसलात, तुमच्या आईने काय म्हटलं आणि काय म्हणायला हवं होतं. तिने तुमची कीव करावी म्हणून नाही. क्लिनिकच्या खुर्चीत बसून, आवाज न हलवता, स्वतःच्या चेहऱ्यातल्या खोडी तुम्हाला मराठीत सांगणाऱ्या मुलीला हे कळायला हवं की समोर बसलेल्या बाईलाही कधीतरी असंच तोलून पाहिलं गेलं होतं. आत्तापर्यंत तिच्या हिशेबी तुम्ही 'मला कधीच खटकलं नाही' म्हणणाऱ्या आई आहात. जिला काही खटकतच नाही तिच्या शब्दावर कोण विश्वास ठेवतो?

आणि घरातली जीभ जरा तपासा. फोटो काढताना 'बाजूने उभी राहा, चेहरा बारीक दिसतो' असं कुणी म्हणतं का? आत्याच्या जबड्यावर घरात विनोद होतात का? मुली हे सगळं जमा करून ठेवतात.

तिला एकटीलाच असं वाटतं असंही नाही. 2018 मध्ये तिथल्याच तरुण मुलींनी मेकअपचं सामान फोडून, केस बारीक कापून त्याचे फोटो टाकले. 'तालकोर्सेत', म्हणजे अंग आवळणारं कॉर्सेट उतरवा, असं त्या चळवळीचं नाव. त्या मुलींना भरपूर शिव्या खाव्या लागल्या, काहींच्या नोकऱ्यांचेही प्रश्न झाले. तिने केस कापावेत असं माझं म्हणणं नाही. पण तिच्या वयाच्या कोरियन मुलींनी कोरियन भाषेत जे लिहिलंय ते तिला तुमच्या-माझ्या उपदेशापेक्षा जवळचं वाटेल. आपगुजॉंग या मेट्रो स्टेशनच्या भिंतींवर क्लिनिकांचे 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो इतके झाले होते की लोकांच्या तक्रारींवरून सोल मेट्रोनेच त्या जाहिराती आवरायचं ठरवलं. आता त्या तिच्या फोनमध्ये आहेत, तिथे तक्रार ऐकणारं कुणी नाही. काही दिवस ती क्लिनिकांची ॲप्स काढून टाकशील का, एवढं विचारून बघा. नाही म्हणाली तर सोडून द्या.

दोन वर्षांनी जायची वेळ आलीच, तर पाटी नीट वाचा. नावातच 'सॉंगह्यॉंग-वेक्वा' असेल, म्हणजे प्लास्टिक सर्जरी, तर तिथे त्या विषयाचा तज्ज्ञ असतो. क्लिनिकचं नाव वेगळं आणि खाली बारीक अक्षरात 'उपचाराचे विषय: प्लास्टिक सर्जरी' असेल, तर तो डॉक्टर असतो, पण त्या विषयाचा तज्ज्ञ नसू शकतो. शस्त्रक्रिया कोण करणार हे नावासकट लिहून घ्या. भूल द्यायला वेगळा भूलतज्ज्ञ असेल ना, आणि तो शेवटपर्यंत थांबेल ना, हे विचारा. कॅमेरा सक्तीचा असला तरी चित्रण रुग्णाने किंवा नातेवाइकांनी मागितलं तरच होतं, तेव्हा ती मागणी आधीच लेखी द्या. ज्या दिवशी भेटायला जाल त्याच दिवशी 'आज पैसे भरले तर सूट' म्हणणाऱ्या ठिकाणाहून सरळ उठून या.

हे उत्तर लेकीला दाखवायला माझी हरकत नाही. मराठी वाचायला तिला जड जात असेल तर तुम्ही वाचून दाखवा. माझं कुठे चुकतंय असं तिला वाटलं तर तिने मला स्वतः लिहावं. कोरियनमध्ये लिहिलं तरी चालेल, वाचून घ्यायची सोय मी करीन.