एमआरआयवर नव्याने लागलेल्या पोरीस

प्रिय पोरी,

यवतमाळला एमआरआयवर लागलीस, बरं झालं. मेंदूभोवतीचं पाणी हलताना फोटोत दिसतं तरी कसं, असं फोनवर विचारलंस. तेव्हा घाईत होतो, आता लिहितो.

मोठ्या माणसाच्या डोक्यात आणि कण्यात मिळून साधारण १५० मिली पाणी असतं. दिवसाला ५०० मिलीच्या आसपास नवं तयार होतं. पण ते आपल्या ओलिताच्या पाटासारखं एकाच दिशेनं वाहत नाही. ठोका पडला, मेंदूत रक्त शिरलं, की ते मानेकडे ढकललं जातं आणि लगेच मागे येतं. श्वासाबरोबरही सरकतं. फेज कॉन्ट्रास्ट या स्कॅनच्या पद्धतीत मशीन हाच वेग मोजतं: एका दिशेचं पाणी पांढरं, उलट दिशेचं काळं, थांबलेलं करडं.

हे नीट येणं मात्र तुझ्या हातात. अ‍ॅक्विडक्ट म्हणजे मेंदूच्या आतली या पाण्याची अरुंद वाट, जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची. स्लाइस, म्हणजे फोटोचा काप, तिला काटकोनात बसली नाही, तर वेगाचा आकडा बिनकामाचा. व्हेंक, म्हणजे मशीनला आधी सांगितलेली वेगाची कमाल मर्यादा, कमी ठेवलीस आणि पाणी त्याहून जोरात गेलं, तर पांढऱ्याच्या मधोमध काळा ठिपका उमटतो, म्हणजे दिशाच उलटी वाचली जाते. व्हेंक वाढव, पुन्हा घे. मोजणी ठोक्याशी जुळवायला लावलेला नाडीचा सेन्सर एसीत गारठलेल्या बोटावर दगा देतो. आधी बोटं चोळून गरम कर.

खेड्यातून आणलेल्या बुढ्याचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे पडतात, लघवी आवरत नाही, विसरायला होतं. घरचे म्हणतात, वय झालं. डॉक्टर हकीम आणि अ‍ॅडम्स यांनी १९६५ मध्ये नोंदवलेला, मेंदूत हे पाणी साठण्याचा आजार (नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफलस) असाच; शंट, म्हणजे जादा पाणी वाहून नेणारी नळी, बसवल्यावर यातले काही जण बरे चालू लागतात. पण नुसत्या आपल्या आकड्यावर कोणी शंट टाकत नाही. कमरेतून ३० ते ५० मिली पाणी काढून, आधी आणि नंतर चालवून बघतात. तेव्हा नातेवाईकांनी दारात गाठलं तरी 'ऑपरेशन लागेल' असं तोंडातून काढू नकोस.

झोपेत मेंदू धुतला जातो, हे व्हिडिओ तूही पाहिले असशील. २०१९ मध्ये बोस्टनला झोपलेल्या माणसांच्या स्कॅनमध्ये या पाण्याच्या मोठ्या, संथ लाटा दिसल्या, हे खरं. त्यातून घाण किती निघते, यावर अजून भांडणं चालू आहेत.

आणि शंट असलेला पेशंट आला, तर त्यातला पाणी सोडणारा व्हॉल्व्ह कोणता ते त्याच्या कार्डावर बघ. काहींची सेटिंग चुंबकानं बदलते. स्कॅननंतर डॉक्टरांकडून ती तपासून घे, मगच त्याला एसटीकडे सोड.

तुझा,
काका