हिरवा जोक म्हणजे काय?

प्रश्न: स्पॅनिश शिकतेय. 'बेर्दे' म्हणजे हिरवा ना? मग 'चिस्ते बेर्दे' काय भानगड आहे?

उत्तर: हिरवाच, पण तो जोक चारचौघांत सांगू नका, चावट असतो! आपल्याकडे फिल्म 'ब्लू' असते, त्यांच्याकडे जोक हिरवा. आणि 'बिएखो बेर्दे' म्हणजे बायकांकडे वाईट नजरेने बघणारा म्हातारा, आपला हिरवटच की! खरी गंमत क्रियापदात आहे, 'एस' आणि 'एस्ता' दोन्ही म्हणजे 'आहे', पण केळं 'एस बेर्दे' म्हटलं तर रंग झाला, 'एस्ता बेर्दे' म्हटलं की कच्चं, आणि हेच नवख्या माणसाबद्दल म्हटलं तर अजून तयार नाही, कच्चा आहे असं. शिवाय कुणाला 'पोनेर बेर्दे' करणं म्हणजे त्याची यथेच्छ निंदा करणं, हे स्पेनमध्ये जास्त ऐकू येतं.